सुनेच्या नावाची वाईन

वाईनला माणसांची नावं द्यायची खोड माझ्या सासऱ्यांची. लाल वाईनला त्यांनी आपल्या बापाचं नाव दिलं, तेओफिल. गुलाबीला खेचराचं, झाझा. खेचर मरून जमाना झाला, पण उन्हाळ्यात समुद्रावर येणारे पॅरिसचे लोक अजून आमच्या दारात गाडी थांबवून "दोन पेट्या झाझा द्या" म्हणतात आणि मी चेहरा गंभीर ठेवून देते. आणि पांढरी, पिकपूल नावाच्या द्राक्षाची, जिच्यावर आमचं घर चालतं, ती मात्र सुनेची. घरात नवी सून आली की त्या वर्षापासून पांढऱ्या वाईनवर तिचं नाव. आधी माझ्या सासूचं होतं. सासू जिवंत असेपर्यंत ते काढायची कुणाची छाती झाली नाही, आणि ती गेली त्याच वर्षी माझ्या मुलाचं, रेमीचं लग्न ठरलं. त्यामुळे सासूनंतर एकदम नातसुनेचं नाव लागलं आणि मी मधल्या मध्ये राहिले. वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला सांगू?

पण नोएमीवर राग धरणं जमण्यासारखं नव्हतं. बूझिगच्या कालववाल्यांची पोर ती. लहानपणापासून खाऱ्या तळ्यात बापाबरोबर होडीवर वाढलेली, पुढे माँपेलिएला जाऊन वाईन करायचं शिकली. ती यायच्या आधी आमची पांढरी माझा नवरा एलोई करायचा. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण ती वाईन पहिला घोट घेताच लिंबू चावल्यासारखी लागायची आणि सप्टेंबर येईपर्यंत दमून जायची. नोएमीनं पहिल्याच वर्षी सगळं बदललं. द्राक्षं उजाडायच्या आत तोडायची, थंड असतानाच पिळायची, रसाला वारा लागू द्यायचा नाही. एलोई दारात उभा राहून म्हणायचा, "ही वाईन करतेय की आजारी माणसाची शुश्रूषा?" मग फेब्रुवारीत त्यानं ती टाकीतून चाखली आणि लगेच दुसरा पेला भरला. हिरव्या सफरचंदाचा वास, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या टोकाला मिठाचा एक कण. तळ्यावरून वारा येतो तेव्हा ओठांवर बसतो ना, तसला.

रेमी आणि तिचं लग्न टिकलं नाही. भांडणं झाली, मग भांडणंही थांबली, आणि ती थांबल्यावर दोघांच्या लक्षात आलं की आता बोलायला काहीच उरलेलं नाही. कोर्टाचं सगळं शांतपणे पार पडलं. नोएमी मेझमध्ये एका बेकरीच्या वर दोन खोल्या घेऊन राहायला गेली. जाताना मला म्हणाली, "बाटल्या तेवढ्या भरून देते, मग जाते." बाटल्या भरल्या, तर वेलींना फुटवे आले होते. फुटवे आवरले, तर तोडणी आली. तोडणी झाली, तर टाकीतली वाईन अर्ध्यात टाकून कोण जाणार? असं करत सहा वर्षं गेली. मी मूग गिळून बसले. विचारलं आणि तिला आठवण झाली की अरे, आपल्याला जायचं होतं, तर? त्यापेक्षा दुपारी तिच्यासाठी रश्श्याचं पातेलं चुलीवर ठेवायचं आणि गप्प राहायचं. बाटलीवर नाव तिचंच राहिलं. काढायचं कुणाला सुचलं नाही, आणि गिऱ्हाईकं तर त्याच नावानं मागत होती.

मग मागच्या शरदात रेमीला सेव्हरीन भेटली. बेझिएला एका औषधांच्या दुकानात काम करते. उंच, शांत, बोलण्याआधी दोनदा विचार करणारी. जानेवारीतल्या एका रविवारी ती पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आली. मी नोएमीच्या बापाकडून आणलेली कालवं मांडली, राईचा पाव, खारं लोणी, मागून कोकराची तंगडी. पोरीनं कालवाला हात लावला नाही. वाईनचा पेला ओठांपर्यंतही नेला नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण म्हटलं, पहिला दिवस आहे, असू दे. मग बोलता बोलता तिनं टेबलावरची बाटली हळूच फिरवली. 'क्युवे नोएमी', म्हणजे नोएमीची वाईन, हे नाव भिंतीकडे गेलं आणि बाटलीची पाठ तिच्याकडे आली. जेवण संपेपर्यंत तिची नजर पुन्हापुन्हा तिकडेच.

भांडी विसळताना मी एलोईला म्हटलं, "पाहिलंस ना?"

"काय?"

"बाटली फिरवली तिनं. पोरीला ते नाव टोचतंय. बरोबरच आहे म्हणा. होणाऱ्या नवऱ्याच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसायचं आणि समोर काय, तर त्याच्या आधीच्या बायकोचं नाव."

"हं," एलोई म्हणाला. एलोईच्या "हं" कडे मी आयुष्यभर दुर्लक्ष करत आले आहे, तसंच त्याही दिवशी केलं.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. गुरुवारी बाटल्या भरायचा ट्रक यायचा होता. आमच्यासारख्या लहान मळ्यांना स्वतःचं यंत्र कुठून परवडणार? ट्रकवरच सगळं असतं, तो दारात येऊन उभा राहतो आणि एका दिवसात वर्षभराची वाईन बाटलीत जाते. लेबलंही तेव्हाच चिकटतात. सोमवारी सकाळी छापखान्याची गाडी खोकी टाकून गेली. थोड्या वेळानं नोएमी स्वयंपाकघरात आली. बूट चिखलाचे, बाहीवर गारठलेलं पाणी. एरवी ती आधी चुलीशी हात शेकते. त्या दिवशी नाही. तिनं टेबलावर एक लेबल ठेवलं.

"फर्नांद, ही चूक आहे की निरोप?"

मी चष्मा लावला. आमच्या घराचं नाव, बोनाफू. खाली तेच सोनेरी काठाचं चित्र, तळं आणि होडी. आणि मधोमध, ठसठशीत अक्षरांत, 'क्युवे सेव्हरीन'.

"नोएमी, माझ्या आईची शपथ, मला यातलं काहीएक ठाऊक नाही."

"असू दे." ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती अगदी नीट, सभ्यपणे बोलत होती, बँकेत बोलावं तशी. "बरोबरच आहे. तुमच्याकडची रीतच आहे ती. गुरुवारी बाटल्या भरून देते आणि जाते. मार्सेयानला एका मळ्यावर केव्हापासून बोलावतायत. आज त्यांना हो सांगते."

हेच वाक्य तिनं सहा वर्षांत कितीदा तरी म्हटलं होतं. पण या वेळी तिनं खिशातून टाकीघराची किल्ली काढून लेबलावर ठेवली, आणि मला कळलं की ही आता खरंच निघाली. माझ्या लेकाचा संसार मोडला तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते.

एलोई ओसरीत बसून छाटणीच्या कात्र्यांना तेल लावत होता. मी लेबल त्याच्या नाकासमोर धरलं.

"हे तुझे उद्योग?"

त्याचा चेहरा उजळला. "आली का? चांगली छापलीयेत ना? म्हटलं, नव्या पोरीला जरा आपलेपणा वाटू दे. तूच म्हणालीस तिला टोचतंय म्हणून."

"मी तुला छापखान्यात जायला सांगितलं होतं? आणि नोएमीचं काय?"

"नोएमीचं काय?" त्याला खरोखरच समजेना. "सुनेचं नाव असतं त्या वाईनवर. सून बदलली, नाव बदललं. बाबांनी तसंच ठेवलं होतं."

"ती चाललीये, एलोई. मार्सेयानला."

कात्री त्याच्या मांडीवर पडली. "चाललीये? कुठे चाललीये? अगं, ती कशाला जाईल? सेव्हरीन नवी आहे, तिला आपलंसं करायला पाहिजे. नोएमी तर घरचीच आहे."

माझं डोकं तापलं होतं, त्याला चार शब्द सुनवायचे होते. पण तो तेलाचे हात तसेच अधांतरी धरून माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या मनात कपट नव्हतं, हे मला दिसत होतं. माणूस घरचं झालं की त्याला कसलं नाव न्‌ कसलं काय, असा त्याचा सरळ हिशेब. मी तरी वेगळं काय केलं होतं? मीही तिला कधी काही विचारलं नव्हतं.

बुधवारी दुपारी सेव्हरीनची गाडी आली. रेमीनं तिला सांगितलं असणार. कोट न काढताच ती आत आली, आणि दोनदा विचार करून बोलणारी पोर एकदाही विचार न करता बोलायला लागली.

"मादाम बोनाफू, माझं नाव छापलंत तुम्ही? मला न विचारता? दुसऱ्या बाईचं नाव खरवडून?"

"बस आधी, बाळा."

"बसत नाही. त्या वाईनशी माझा संबंध काय? मी खोकल्याची औषधं विकते! उद्या बाजारात कुणी विचारलं की तूच का ती सेव्हरीन, तर काय सांगू? नोएमी मला काय समजेल? एकदाच भेटलोय आम्ही. तिनं मला टाकीघर दाखवलं, पायऱ्यांवर घसरू नये म्हणून हात धरला माझा."

मला आता माझाच राग आला, आणि राग आला की माझी जीभ सुटते. "मग त्या दिवशी बाटली का फिरवलीस? तिचं नाव भिंतीकडे केलंस, मी काय आंधळी आहे?"

ती थांबली. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग हळूहळू लाल. आणि मग ती खुर्चीत बसली.

"मी नाव बघत नव्हते," ती म्हणाली. "मागचं चित्र बघत होते."

"कसलं चित्र? मागे चित्र कुठंय? मागे नुसतं..." आणि मग मला आठवलं. बाटलीच्या पाठीवर खाली कोपऱ्यात एक एवढंसं चित्र असतं, सरकारी नियमाचं. पोट पुढे आलेली, हातात पेला घेतलेली बाई, आणि तिच्यावर आडवी काट. इतकी वर्षं मी त्या बाटल्या विकतेय, ते चित्र मला दिसतही नाही.

"तेव्हा दुसरा महिना होता," सेव्हरीन म्हणाली. "सांगायचं नव्हतं इतक्यात. समोर ती वाईन, इतका छान वास, आणि मला एक थेंब चालणार नाही. कालवंही नाहीत. ते चित्र बघत होते आणि मला हसू येत होतं. कुणाला कळू नये म्हणून खाली मान घालून बसले."

मी उठले आणि तिचं डोकं पोटाशी धरलं, कोटासकट. दोघीही रडलो. काय बायका आम्ही! घरात बाळाची चाहूल, आणि मी त्याला हेवा समजले. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "तिला सांगा ना, राहा म्हणून."

"ती नाही राहायची."

"विचारलंत कधी?"

इतका साधा प्रश्न. मी टेबलावरची किल्ली उचलली, शाल घेतली आणि बाहेर पडले. अंगणात उत्तरेचा वारा असा सुटला होता की सुरूंची झाडं जमिनीपर्यंत वाकत होती. टाकीघराचं दार मला दोन्ही हातांनी ओढावं लागलं.

नोएमी गरम पाण्यानं नळ्या धूत होती. मला पाहून तिनं पाणी बंद केलं.

"काही राहिलं का?" तिनं विचारलं.

"राहिलं. सहा वर्षं राहिलं." वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी उडून गेली होती. "जाऊ नकोस. मला तू इथे हवीस. वाईनसाठी नाही म्हणत, वाईनसाठीही हवीस, पण ते नंतर. दुपारी बारा वाजले की मी खिडकीपाशी जाते, तू टाकीघरातून निघालीस का बघायला. तू नसलीस तर मी कुणासाठी बघू?"

हातातली नळी तिनं खाली ठेवली.

"एलोईनं गाढवपणा केला. त्याला वाटलं, नव्या पोरीला बरं वाटेल. तिला तर राग आलाय. तुझं नाव आहे तसंच राहील, मी उद्याच—"

"नको," नोएमी म्हणाली. "फर्नांद, माझं नाव नको."

"का?"

ती टाकीच्या पायरीवर बसली. "खरं सांगू? लेबल बघून मला पहिल्यांदा काय वाटलं माहितीये? सुटले, असं वाटलं. आणि मग इतकं रडू आलं की बास." तिनं ओल्या हातांनी केस मागे सारले. "बाजारात, जत्रेत, कुठेही बाटली घेऊन उभी राहिले की लोक विचारतात, 'तुम्हीच का नोएमी? किती गोड! तुमच्या नवऱ्यानं तुमच्यासाठी केली का?' घटस्फोटानंतरही विचारतात. मी करते ती वाईन. माझ्या हातांना बारा महिने तिचा वास येतो. आणि लोकांना वाटतं, कुणीतरी ती मला भेट दिली."

इतकी वर्षं मला वाटत होतं, बाटलीवर नाव म्हणजे केवढा मान. मला तो मिळाला नाही म्हणून मी मनातल्या मनात कुढत होते. आणि इथे जिला मिळाला, ती ते ओझं मुकाट वाहत होती.

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. लग्नात तुम्ही किती कौतुकानं ती पहिली बाटली माझ्या हातात दिली होती." ती जरा हसली. "आणि मी इथे कोण म्हणून बोलणार? सून नाही. नोकर म्हणावं तर दुपारी तुमच्या टेबलावर जेवते. मी आहे तरी कोण इथे?"

याला माझ्याकडे तयार शब्द नव्हता. आमच्या भाषेतही नाही, कुणाच्याच भाषेत नसेल. "वाईन तू करतेस," मी म्हटलं. "एवढं सगळ्यांना दिसतंय. आणि माझी आहेस, एवढं मला माहितीये. मधलं काय ते मला सांगता येत नाही."

किल्ली मी तिच्या हातात दिली नाही, देताना जबरदस्ती झाली असती. टाकीवर, तिच्या हाताशी ठेवली. तिनं ती उचलली नाही. "ट्रक लवकर येणार आहे," एवढंच म्हणाली. "झोपा जाऊन वेळेवर. लेबलं लावायची नाहीत उद्या. नुसत्या बाटल्या भरून ठेवू, लेबलांचं नंतर बघता येईल."

गुरुवारी ट्रक आला तोच उशिरा. वारा पडला होता, ऊन चढायला लागलं होतं, आणि नोएमी अंगणात येरझाऱ्या घालत ट्रकवाल्याच्या नावानं बोटं मोडत होती. मग यंत्र सुरू झालं. रिकाम्या बाटल्या एका बाजूनं आत, भरलेल्या दुसऱ्या बाजूनं बाहेर, नागड्या, हिरवट, कपाळावर काही न लिहिलेल्या. रेमी पेट्या रचत होता. सेव्हरीनला कुणी काही उचलू देईना, म्हणून ती रागावून खुर्चीत बसून बुचं मोजत होती. काल मी एलोईला सगळं सांगितलं होतं, बाळाचं आणि टाकीघरातलंही. बाळाचं ऐकून तो उठून आत गेला आणि नाक शिंकरून आला. नोएमीचं ऐकून मात्र त्यानं पुसलेल्याच कात्र्या पुन्हा पुसायला घेतल्या होत्या.

दुपारी पेट्यांची पहिली चळत रचून झाली तेव्हा ट्रकवाला हातात पाटी घेऊन आला. चळतीवर वाईनचं नाव लिहून लावावं लागतं, नाहीतर कोठारात सगळं एक होऊन जातं.

"काय लिहू?" त्यानं विचारलं. "मागच्या वर्षीसारखंच, नोएमी?"

रेमीनं पेटी खाली ठेवली. मी एलोईकडे बघितलंच नाही. म्हटलं, आता हा तोंड उघडेल आणि होतं नव्हतं तेही घालवेल.

"पिकपूल लिही," एलोई म्हणाला. "घर बोनाफू. आणि खाली लिही, करणारी नोएमी कास्तान."

कास्तान म्हणजे तिचं माहेरचं आडनाव. बूझिगच्या होड्यांवर असतं ते. आमच्या अंगणात ते मोठ्यानं कुणी उच्चारल्याचं मला तरी आठवत नाही.

ट्रकवाल्यानं खडू थांबवला. "एवढं सगळं? आणि कुणासाठीचं नाव नाही? तुमच्याकडे तर नेहमी..."

"वाईन पिणाऱ्यासाठी असते," एलोई म्हणाला. "केली हिनं. लिही." आणि कान लाल करून तो पेट्यांकडे निघून गेला. सेव्हरीननं खुर्चीतून टाळ्या वाजवल्या. रेमीनं नोएमीकडे बघून हळूच मान हलवली. कितीतरी दिवसांनी त्या दोघांनी एकमेकांकडे असं सरळ बघितलं असेल.

नोएमी पाठमोरी होती. तिनं यंत्रातून आलेली एक बाटली उचलली, उन्हात धरली, हाताच्या पाठीनं तिचा गारवा पाहिला. तिचा खांदा एकदा हलला. मी पुढे व्हायचं की नाही या विचारात असताना ती गर्रकन वळली. डोळे भरलेले, पण आवाज असा की अंगणातल्या कोंबड्या पळाव्यात.

"आणि ऐका हो, पुढच्या वर्षी असा उशीर केलात तर दुसरा ट्रक बोलावीन. ही वाईन गार असतानाच बाटलीत जायला हवी. ऊन लागलं की तिच्यातला जीव उडून जातो. सातला म्हणजे सातला. लिहून ठेवा, पुढच्या वर्षी सातला!"

ट्रकवाला बिचारा खडू हातात धरून "हो मादाम, हो मादाम" म्हणत राहिला. मी स्वयंपाकघरात गेले. रश्श्यात मीठ घालायचं होतं, पण डोळ्यांपुढे पातेलंच दिसेना.